चारही यंत्रे चालू आहेत

वर्षभरात अप्पा सभागृहात तेवीस वेळा बोलले. त्यातल्या चौदा वेळा कुणीतरी मेलेलं होतं.

यात अप्पांचा दोष नव्हता, सभागृहाची रीतच तशी होती. माजी सदस्य वारला की त्याच्यासाठी शोकप्रस्ताव यायचा. प्रत्येक पक्षातला एकेक जण उठून चार मिनिटं चांगलं बोलायचा, मग सगळे दोन मिनिटं उभे राहायचे आणि पुन्हा भांडायला बसायचे. हे चार मिनिटांचं बोलणं कुणालाच नको असायचं. पेपरात येत नाही, बाकं वाजत नाहीत, विरोधकांना चिमटा काढता येत नाही. शिवाय गेलेल्या माणसाला लोक पंधरा-वीस वर्षांपूर्वीच विसरलेले असायचे. म्हणून पक्षाचे प्रतोद शेवटच्या रांगेकडे बोट करायचे. प्रतोद म्हणजे आपल्या सदस्यांनी कधी यायचं, कधी बसायचं आणि हात कधी वर करायचा हे ठरवणारा माणूस. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, अप्पा बसायचे.

उरलेल्या नऊ वेळांपैकी सात वेळा ते 'मी या विधेयकाला पाठिंबा देतो' एवढंच म्हणाले. एकदा डोक्यावरचा पंखा बंद असल्याची तक्रार केली. आणि एकदा ते खोटं बोलले.

अप्पा मूळचे मोटारी भरणारे. पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, असं तीस वर्षं केलेलं. पक्षातल्या दोन बड्या माणसांचं तिकिटावरून जुंपलं, तेव्हा दोघांनाही ज्याची भीती वाटत नाही असा तिसरा माणूस हवा होता. तो अप्पांच्या रूपानं सापडला. शेजारी बसणारा वकील त्यांना म्हणायचा, "अप्पा, तुम्ही निवडून आला नाहीत, तुम्ही उरलात."

पण शोकप्रस्तावावर अप्पा बरं बोलायचे, हे वकीलही मान्य करायचा. त्याचं श्रेय बायकोचं. पहिल्या वेळी ते जन्मतारीख, शिक्षण, भूषवलेली पदं असं सगळं वाचून आले, तर ती म्हणाली, "हे काय, रेशनकार्ड वाचताय का? त्यांच्या घरी फोन करा. माणूस कसा होता ते विचारा." तेव्हापासून अप्पा आदल्या दिवशी फोन करायचे. कुणाची विधवा सांगायची की ते चप्पल नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. कुणाचा मुलगा सांगायचा की बाबा घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचे आणि तरी उशिरा पोचायचे. अप्पा तेवढं एक सांगायचे आणि खाली बसायचे. वकील कानात म्हणायचा, "मी मेलो की तुम्हीच बोला हं. घरच्यांना मात्र फोन करू नका."

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात रक्त शुद्ध करायची चार मशिनं होती. होती म्हणजे भिंतीला लागून उभी होती. त्यातली दोन चालायची. उरलेल्या दोन मशिनांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या होत्या. एकाचा रक्त खेचणारा पंप अडकला होता, दुसऱ्यात पाणी गळत होतं. अठरा पेशंट होते. डॉक्टरबाईंनी कागदावर आखून दाखवलं होतं, की दोन मशिनं, दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन वेळा येतात. लागतात तीन. राहिलेल्या तिसऱ्या वेळेचं पाणी अंगात साठतं.

बायकोची पाळी मंगळवारी आणि शनिवारी असायची. ती दिवसाला मोजून एक बाटली पाणी प्यायची. बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या. दुपारच्या रेघेपर्यंत पाणी उतरलं की ती बाटली कपाटात ठेवून द्यायची, म्हणजे नजरेला पडायला नको.

तिथेच त्यांना शिंपी भेटला. त्याची पाळी सोमवारी आणि शुक्रवारी असायची, पण कुणाची पाळी बदलली की तो शनिवारीही यायचा. हडकुळा, तोंडानं फटकळ. बायकोला वहिनी म्हणायचा. दोघं हातात सुया घेऊन शेजारी शेजारी पडलेले असायचे आणि चार तास गप्पा मारायचे.

"वहिनी, साहेब सभागृहात काय करतात हो?"

"मेलेल्यांचं बोलतात."

"मग आपला नंबर लागेल म्हणायचा."

"आपण सदस्य नाही ना. आपल्याला नुसतं मरायचंय."

दोघं हसायचे. अप्पांना ते हसणं आवडायचं नाही. पण त्या खोलीत दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात प्रतोदांनी अप्पांना चहाला बोलावलं. हेच नवल होतं. त्यांनी बायकोची चौकशी केली, हे त्याहून नवल.

"दोनदा मिळतंय," अप्पा म्हणाले. "तीनदा पाहिजे. दोन मशिनं आठ महिने बंद आहेत."

"त्याच्यासाठीच बोलावलं." प्रतोदांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "उद्या विरोधक तुमच्या रुग्णालयाचा प्रश्न लावतायत. मंत्री उत्तर देतील. उत्तर झालं की तुम्ही उठायचं आणि एवढं वाचायचं."

कागदावर तीन वाक्यं होती. माझी पत्नी स्वतः त्याच रुग्णालयात उपचार घेते. चारही यंत्रे चालू आहेत. याबद्दल मी मंत्रिमहोदयांचे आभार मानतो.

"पण ती चालू नाहीत," अप्पा म्हणाले.

"महिन्याभरात होतील. मंत्र्यांनी शब्द दिलाय. उद्या मात्र त्यांची मान खाली जाता कामा नये. नाहीतर चौकशी बसते, फायली कपाटात जातात, मग काय मशीन आणि काय बिशीन." प्रतोद पुढे झुकले. "तुम्ही खोटं नाही बोलत, अप्पा. थोडं लवकर बोलताय."

हे वाक्य अप्पांना पटलं. एखाद्या वकिलाला किंवा मास्तरला पटलं नसतं, पण मोटारी भरणाऱ्याला पटलं. तीस वर्षं ते गिऱ्हाइकाला हेच सांगत आले होते. फोनवर म्हणायचं, "तयार आहे, या." मोटार तेव्हा उघडी पडलेली असायची. गिऱ्हाईक यायला तासभर लागायचा, आणि त्या तासात अप्पा तिच्यावर झाकण लावून ती फिरवून दाखवायचे. एकदाही कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. त्यांना वाटलं, सरकारचंही असंच असणार. एकदा तयार आहे म्हटलं की तयार करावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी ते उठले, वाचलं आणि बसले. त्या वर्षात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर बाकं वाजली.

मंगळवार होता. त्या खोलीत कोपऱ्यात टीव्ही होता आणि सिस्टरनं मुद्दाम सभागृहाचं कामकाज लावलं होतं. शिंपी त्या दिवशी बदली पाळीवर होता. पुढचं सगळं अप्पांना त्याच्याच तोंडून कळलं. टीव्हीवर अप्पा उभे राहिले तशी सिस्टर ओरडली, "वहिनी, साहेब!" सगळ्यांनी माना वळवल्या. चारही यंत्रे चालू आहेत, असं अप्पा म्हणाले, तेव्हा एका पेशंटच्या सासूनं उठून चादरीचं एक टोक वर केलं आणि खाली वाकून पाहिलं. कुणी हसलं नाही. शिंपी म्हणाला, "वहिनी, साहेबांचा नंबर वाढलाय वाटतं चष्म्याचा." त्यावरही त्या दिवशी वहिनी हसल्या नाहीत. मान फिरवून भिंतीकडे पडून राहिल्या.

शनिवारी अप्पा घरी आले. तिनं जेवायला वाढलं. म्हणाली, "टीव्हीवर तुमची कॉलर एका बाजूनं दुमडली होती."

अप्पांनी महिन्याभराचं, मंत्र्यांच्या शब्दाचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"तुम्हाला म्हणायचं ते म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मला कशाला साक्षीला उभं केलंत? ती सासू आज माझ्याशी बोलली नाही."

"एक महिना फक्त."

"बरं."

तिचं बरं म्हणजे बरं नसायचं, हे अठ्ठावीस वर्षांच्या संसारात अप्पांना कळलं होतं. पण बरं म्हटल्यावर पुढे बोलता येत नाही, हेही कळलं होतं.

महिना गेला. दीड महिना गेला. चादरी तशाच. अप्पा डॉक्टरबाईंकडे गेले. बाई त्यांच्याशी आधी नीट बोलायच्या. आता त्यांनी बसाही म्हटलं नाही. फाईल उघडली आणि एक पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "वाचा. तुमचंच आहे."

वरच्या कार्यालयाचं पत्र होतं. दोन यंत्रांच्या दुरुस्तीचा रुग्णालयानं पाठवलेला प्रस्ताव तपासण्यात आला. माननीय सदस्यांनी सभागृहात स्वतः केलेल्या निवेदनानुसार चारही यंत्रे चालू असल्याने सदर प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. सोबत कामकाजाचा उतारा जोडला होता. उताऱ्यावर अप्पांचं नाव होतं आणि कंसात लिहिलं होतं, 'बाके वाजवून स्वागत'.

"चार वेळा लिहिलं होतं मी त्यांना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाचव्या वेळी मंजूर होत आलं होतं. आता काय लिहू? सन्माननीय सदस्य खोटं बोलतात, असं लिहू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अप्पा तिथून थेट प्रतोदांकडे गेले. प्रतोदांनी पत्र दोनदा वाचलं आणि परत दिलं.

"कारकुनांनी घोळ घातला. पण आता एक बघा, मंत्रीही सभागृहात हेच बोललेत. चालू मशिनं दुरुस्त करायला काढली, तर ते खोटं बोलले असं होईल. जरा थांबा. लोकांना विसरू द्या."

"अहो, तिला श्वास लागतोय."

"मग दुसरीकडे—" प्रतोद बोलता बोलता थांबले. "नको. तेही नको इतक्यात. तुमची बायको खाजगीत हलवलीत आणि पेपरवाल्यांनी फोटो काढला, तर दोघंही गेलात, मंत्री आणि तुम्ही. अधिवेशन संपू दे."

बायकोच्या भावानं मोठ्या शहरात सोय करून ठेवली होती. आठवड्यातून तीन वेळा, स्वच्छ खोली, त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. बॅग भरलेली होती. अप्पा तिला म्हणाले, "अधिवेशन संपू दे. चार आठवडे."

ती म्हणाली, "बरं."

पुढे लोक अप्पांना सांत्वनाला म्हणायचे, तुमच्या हातात काय होतं. अप्पा मान हलवायचे. त्यांच्या हातात ती बॅग होती. तिच्यातले कपडे काढून त्यांनी स्वतः कपाटात परत ठेवले होते.

अकरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, तिला आडवं पडता येईना. उशांना टेकून बसली, मग तेही जमेना. तोंडातून फेसासारखं यायला लागलं. अप्पांनी रुग्णालयात आणलं तेव्हा दोन्ही मशिनं चालू होती. एकावर कुणी म्हातारे गृहस्थ होते, त्यांना कळण्याची शुद्ध नव्हती. दुसऱ्यावर शिंपी होता. त्याचा अजून निम्मा वेळ बाकी होता.

शिंप्यानं दारात वहिनींना पाहिलं आणि ओरडला, "मला सोडवा. सिस्टर, मला सोडवा आधी."

पण मशीन म्हणजे काही खुर्ची नाही, उठलं की दुसऱ्यानं बसायला. नळीतलं रक्त माणसाच्या अंगात परत घालावं लागतं, सुया काढाव्या लागतात, मशीन आतून धुवावं लागतं. सिस्टरचे हात भराभर चालत होते. चादर टाकलेली दोन मशिनं बाजूला उभी होती. मशीन धुवून होत आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे."

पंधरा दिवसांनी अप्पा सभागृहात गेले. सदस्याच्या बायकोसाठी शोकप्रस्ताव नसतो. पुढच्या रांगेतल्या काहींनी मागे वळून हात जोडले. वकिलानं काहीच विनोद केला नाही, दिवसभर नुसता शेजारी बसून राहिला. त्याच आठवड्यात कुणी माजी सदस्य वारले होते, आणि प्रतोदांनी सवयीनं शेवटच्या रांगेकडे बोट केलं. अप्पांनी त्यांच्या घरी फोन लावला. पलीकडे विधवा बाई होत्या. अप्पांनी विचारलं, माणूस कसा होता. बाई बोलत राहिल्या. अप्पांनी एक शब्दही लिहून घेतला नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्ही ऐकताय ना?"

मग त्यांनी एकच ध्यास घेतला. ते वाक्य पुसायचं. ते पुसलं तर डॉक्टरबाईंना पुन्हा लिहिता येईल. अठराचे सतरा झाले होते, पण सतरा जणांनाही दोन मशिनं पुरत नव्हती.

आधी ते प्रतिवेदकांच्या खोलीत गेले. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द तिथे लिहिला जातो. तिथल्या मुख्य बाई पाच-सहा वर्षांत निवृत्त होणाऱ्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी रजिस्टर काढलं.

"यावर तुमची सही आहे. तपासून बरोबर, अशी."

"मी तेव्हा खोटं बोललो होतो, बाई."

"असेल. पण बोललात ना? आम्ही लोक काय बोलले ते लिहितो. खरं काय ते आम्ही लिहायला लागलो तर माणसं पुरायची नाहीत."

मग त्यांनी वैयक्तिक खुलासा करण्यासाठी अध्यक्षांकडे अर्ज केला. सदस्याला स्वतःबद्दल काही स्पष्ट करायचं असेल तर तशी तरतूद आहे. अर्ज परत आला. विषय जुना झाला आहे, असा शेरा होता. त्यांनी आरोग्याच्या चर्चेत वेळ मागितला. प्रतोद म्हणाले, यादी भरली. पुढच्या अधिवेशनात मागितला, पुन्हा यादी भरली. एकदा ते नुसतेच उभे राहिले, तर ध्वनिक्षेपक बंद होता. लांबून वाटलं असेल की माणूस जांभया देतोय.

मेलेल्यांसाठी मात्र त्यांना दर वेळी बोलावलं जायचं.

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात एक फार जुने सदस्य वारले. दोन वेळा निवडून आलेले, त्यालाही चाळीस वर्षं झालेली. अप्पांनी फोन केला. सून म्हणाली, "काय सांगू? ते बोलायचेच नाहीत. घरात नाही, बाहेर नाही. तुम्हीच तुमच्याकडच्या वह्या बघा." अप्पांनी ग्रंथालयात वह्या पाहिल्या. दहा वर्षांत त्या माणसानं सभागृहात एक शब्दही उच्चारला नव्हता.

अप्पा उठले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. इतर पक्षांचे लोक बोलून झाले होते. लढवय्या, अभ्यासू, असं सगळं झालं होतं.

"अध्यक्ष महोदय," अप्पा म्हणाले, "गेलेले सदस्य या सभागृहात दहा वर्षं होते आणि एकदाही बोलले नाहीत. म्हणजे ते इथे एकदाही खोटं बोलले नाहीत. मी बोललो."

पुढच्या रांगेतल्या काही माना वळल्या.

"याच वर्षी मी इथे सांगितलं, की आमच्या रुग्णालयातली चारही मशिनं चालू आहेत. दोनच चालू होती. मला ते माहीत होतं, मंत्र्यांना माहीत होतं. मला कागद लिहून दिला होता, तो मी वाचला. माझं बोलणं पुरावा म्हणून जोडून दुरुस्ती नाकारली गेली. माझ्या बायकोला तिसरी पाळी मिळाली नाही. ती गेली. ती दोन मशिनं आजही बंद आहेत. सतरा माणसं आहेत तिथे. गेलेल्या सदस्यांच्या घरच्यांची मी माफी मागतो, त्यांची चार मिनिटं मी घेतली. ते गप्प बसले, ते बरं केलं त्यांनी."

अध्यक्षांचा हात घंटीपर्यंत गेला होता. पण शोकप्रस्तावावर घंटी वाजवत नाहीत. कुणी मध्ये बोलत नाही, कुणी हरकत घेत नाही. आजवर कुणी घेतलेली नाही. प्रतोद अर्धे उठले आणि तसेच बसले. मग अध्यक्ष म्हणाले, सदस्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. सगळे उभे राहिले, मंत्रीही. माना खाली घालून उभे राहिले.

बसता बसता वकील पुटपुटला, "वर्षभर तुम्हाला हीच एक जागा दिली त्यांनी. भोगा म्हणावं."

दोन तासांनी मुख्य बाई स्वतः टंकलेला कागद घेऊन सदस्यांच्या खोलीत आल्या. नियमाप्रमाणे पाच वाजेपर्यंत तपासून सही करायची होती. बाईंच्या मागोमाग प्रतोद आले. दार लावून बसले. या वेळी चहा नव्हता.

"झालं ते झालं," प्रतोद म्हणाले. "शोकप्रस्तावातलं काढून टाकता येत नाही, अध्यक्ष म्हणतात तसा पायंडा नाही. पण तुम्हाला स्वतःला शब्द सुधारता येतात. 'मला माहीत होतं, मंत्र्यांना माहीत होतं' याच्या जागी 'माझी माहिती अपुरी होती' एवढं करा. बाकी सगळं राहू दे. येत्या सोमवारी दोन्ही मशिनं चालू होतील."

"मागेही शब्द दिला होता."

"तेव्हा मंत्र्यांना गरज नव्हती. आता आहे."

"आधी मशिनं चालू करा. मग सुधारतो."

"पाचला छपाईला जातं, अप्पा. आता साडेचार झालेत."

अप्पांनी कागद पुन्हा वाचला. त्यांना वाटलं, इतके महिने आपण ज्याच्यासाठी धडपडलो ते हेच आहे. आणि हेच हा माणूस पुन्हा खिशात घालून न्यायला आलाय. त्यांनी पेन काढलं आणि खाली सही केली. एक स्वल्पविरामही बदलला नाही. बाईंनी वेळ घातली, चार वाजून छत्तीस मिनिटं, आणि कागद घेऊन गेल्या.

"तिकीट विसरा," प्रतोद जाता जाता म्हणाले.

"कधीच विसरलो," अप्पा म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना फार हलकं वाटलं.

ती गेल्यापासून अप्पा गावात असले की मंगळवारी आणि शनिवारी रुग्णालयात येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. आत जायचे नाहीत. दुसरीकडे कुठे बसावं हे त्यांना सुचत नव्हतं. त्या शनिवारी शिंपी बदली पाळीवर आला होता. चेहरा सुजलेला, पायात चप्पल शिरत नव्हती म्हणून अर्धी घालून आलेला. तो शेजारी टेकला.

"ऐकलं तुमचं भाषण," तो म्हणाला. "सिस्टर रडली. वहिनी असत्या तर कॉलर बघितली असती त्यांनी."

अप्पा हसले, आणि मग सगळं सांगितलं. प्रतोद कसे आले, काय म्हणाले, आपण कशी तिथल्या तिथे सही केली. सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. शिंपी पायाकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे तो म्हणाला, तेवढं बदला, सोमवारी मशिनं चालू करतो?"

"म्हणाला. त्याच्या शब्दाला काय किंमत आहे? आधीही हेच—"

"किंमत नसेलच. शंभरात नव्वद वेळा नसेल." शिंप्यानं वर पाहिलं. "दहा वेळा?"

अप्पा म्हणाले, "पुन्हा खोट्यावर सही करायची होती का मी?"

"मी कुठे म्हणतोय करायची होती? मी म्हणतोय, पाचपर्यंत वेळ होता ना? फोन होता खिशात. मेलेल्याच्या घरी फोन करता तुम्ही, माणूस कसा होता म्हणून. आम्ही सतरा जण जिवंत आहोत. एकाला लावायचा. म्हणायचं, असं असं म्हणतायत, काय करू? मी कदाचित म्हणालो असतो, घाला त्यांना चुलीत, आहे तशीच करा सही. पण ते मी म्हणालो असतो."

"मला वाटलं—"

"तुमचं माणूस गेलंय, अप्पा. तुम्हाला आता खरं बोलणं परवडतं." तो हे रागानं बोलला नाही. कापड किती लागेल ते सांगावं तसं बोलला. "पहिल्या वेळी आम्हाला न विचारता म्हणालात, चालू आहेत. आता न विचारता म्हणालात, बंद आहेत. आम्ही तिथेच पडलोय."

आतून सिस्टरनं शिंप्याच्या नावानं हाक मारली. तो भिंतीला धरून उठला, बाही वर करत आत गेला.

अप्पा उठले आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्या दाराच्या आत गेले. पहिल्या मशीनवर एक मध्यमवयीन बाई होती, त्यांच्या ओळखीची नव्हती. नवी आली असणार. म्हणजे पुन्हा अठरा. अप्पा तिच्या खाटेपाशी उभे राहिले, आपण कोण ते सांगितलं, आणि म्हणाले, "तुम्हाला एक विचारायचं राहिलं होतं."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. आधी नीट ओळख पटली नाही, मग पटली.

"आता?" ती म्हणाली.

अप्पांची नजर बाजूच्या चादरींकडे गेली.

"काही करायचंच असेल तर सिस्टरला बोलवा," बाई म्हणाली. "सुईशी दुखतंय."

अप्पा सिस्टरला बोलवायला गेले.